बँकॉक: हॉस्टेलात जमलेल्या मंडळींबरोबर, बोटीने आणि पायी

पायपीट

नमस्कार मंडळी,

बँकॉकला चाललेय म्हटलं की आपल्याकडे ऐकणारा डोळे मिचकावतो. मला याचा मनापासून राग येतो. पहिल्या राम राजाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या वळणावर वसवलेली राजधानी आहे ही. त्यातल्या दोन-चार गल्ल्यांवरून सगळ्या शहराला नाव ठेवायचं आणि बाकीचं बघायचंच नाही, हा शहरावर अन्याय आहे. तिथे जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलींवर तर जास्तच, कारण घरातली पहिली लढाई याच हसण्याशी असते.

धागा काढतेय तो विशी-पंचविशीतल्यांसाठी. पॅकेज टूर न घेता, हॉस्टेलात भेटलेल्या समवयस्कांबरोबर हे शहर कसं बघता येतं ते लिहिते. ज्यांनी बघितलंय त्यांनी भर घालावी.

आधी राहण्याचं. बहुतेक जण खाओ सान रस्ता गाठतात. पूर्वी तो तांदळाचा बाजार होता, आता रात्री उशिरापर्यंत स्पीकर दणदणत असतात. एक संध्याकाळ चक्कर मारायला ठीक, पण झोप हवी असेल तर जुन्या शहरात सामयोत मेट्रो स्टेशनच्या आसपास बघा. २०१९ साली मेट्रो इथवर आली आणि जुन्या शहराची मोठी अडचण मिटली. पुढचंच स्टेशन सनाम चाय, तिथून वाट फो (थाईत वाट म्हणजे देऊळ) चालत पाच-सात मिनिटं.

आमची टोळी कशी जमली? हॉस्टेलच्या खालच्या खोलीत रात्री नऊच्या सुमाराला कुणीतरी विचारतं, उद्या कोण कुठे चाललंय? नर्सिंग शिकणारी एक व्हिएतनामी मुलगी, मनिलाचा ग्राफिक डिझायनर, कोचीचा एक सीए करणारा मुलगा, चिलीतली एक शाळाशिक्षिका आणि मी. दोन गोष्टी पहिल्याच रात्री ठरल्या: ज्याचे त्याने पैसे द्यायचे, आणि कुणाला मध्येच सटकावंसं वाटलं तर कारण न विचारता सोडायचं. यामुळे एकदाही कुरबुर झाली नाही. चार-पाचाच्या पुढे मात्र माणसं वाढवू नका. टॅक्सीत चारच बसतात आणि रस्ता ओलांडतानासुद्धा अर्धे अलीकडे राहतात.

माझं मुख्य म्हणणं हे, की बँकॉक यादी करून बघू नका. एका दिवसाला एक भाग घ्या आणि तिथे जाताना जमेल तेवढा पाण्याचा रस्ता धरा. वाहतूक इतकी तुंबते की टॅक्सीत तासभर बसून दोन किलोमीटर सरकायची वेळ येते. बोट मात्र सुसाट जाते.

नदीच्या बोटी बहुतेकांना माहीत असतात. सेन सेप कालव्याची बोट पर्यटक टाळतात, ती चुकवू नका. वाट साकेतच्या टेकडीखाली फानफा धक्क्यावरून ती सुटते. धक्क्याला बोट जेमतेम काही सेकंद टेकते. दोर पकडायचा, काठावर पाय द्यायचा आणि आत उडी. तिकीट फाडणारी बाई हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, एका हाताने दोर धरून चालत येते. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून निळी ताडपत्री वर घ्यायची, नाहीतर काळं पाणी अंगावर. माझ्या शेजारच्या आजींनी काही न बोलता माझा हात धरून दोरीवर ठेवला. तिथून पुढे ते काम माझं. पूल खाली आला की बोटीचं छप्परच खाली येतं आणि सगळे माना वाकवतात. पाण्याला वास आहे, पण दोन्ही काठांवर लोकांची स्वयंपाकघरं, वाळत घातलेले शाळेचे गणवेश, देव्हारे, मांजरी हे सगळं हाताच्या अंतरावरून जातं. भाडं दहा ते वीस-बावीस बाथ. पुढे जायचं असेल तर प्रातुनामला बोट बदलावी लागते.

हुआ चांग धक्क्यावर उतरलात तर जवळच जिम थॉम्पसनचं घर. हा अमेरिकन माणूस थाई रेशीम जगभर घेऊन गेला आणि १९६७ साली मलेशियातल्या कॅमेरॉन हायलंड्समध्ये फिरायला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. घर सुंदर आहे. पण मला जास्त आवडली ती कालव्याच्या पलीकडची बान क्रुआ वस्ती. थॉम्पसनसाठी रेशीम विणणारे चाम (कंबोडिया-व्हिएतनामकडची एक जमात) मुसलमान विणकर तिथले. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली की भिंतीला चिकटावं लागतं.

राजवाड्याबद्दल एवढंच, की सकाळी साडेआठला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. तिकीट ५०० बाथ, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. आतल्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांत रामकियेनची १७८ भित्तिचित्रं आहेत. रामकियेन म्हणजे थाई रामायण. तिथे आमची जोडगोळी, कोचीचा मुलगा आणि मी, आपोआपच गाईड झालो. चिलीच्या शिक्षिकेने विचारलं, हे पांढरं माकड या मासोळीच्या शेपटीच्या मुलीबरोबर काय करतंय? आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. शेजारी शाळेची सहल होती, त्यातल्या एका मुलीने इंग्रजीत समजावलं: ही रावणाची मुलगी सुवन्नमच्छा. सेतूचे दगड ती आणि तिचे मासे चोरून नेत होते. हनुमान तिला अडवायला गेला आणि तिच्या प्रेमात पडला. त्यांचा मुलगा मच्छानू. आपला मारुती ब्रह्मचारी, मकरध्वजाचा जन्म घामाच्या थेंबातून. इथे सरळ प्रेमकथा. भारत, थायलंड, चिली, व्हिएतनाम, फिलिपिन्स, सगळे त्या एका भिंतीपुढे बराच वेळ उभे होतो. एकटी गेले असते तर मी फोटो काढून पुढे गेले असते.

बाकीचं प्रतिसादांत. विचारा.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. टोळीबरोबर खाण्याचं कसं जमवायचं? सगळे यावारातला (तिथलं चायनाटाउन) चाललेत आणि मी खोलीत थेपले खातोय, असं व्हायला नको.

सुखुमवितवासी

पायपीट, कालव्याबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. इथे नोकरीला असलेले आपले लोकही त्या बोटीत बसत नाहीत.

सह्यकडा, पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर दिसलं की ते "जे" खाणं. मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवस हा उत्सव चालतो. तेव्हा यावारातचा अख्खा रस्ता या झेंड्यांनी पिवळा होतो आणि तुमच्यासाठी त्याहून चांगला काळ नाही. एरवी अडचण मांसाची नसते, नाम प्लाची असते, म्हणजे माशाचं पाणी. ते भाजीतही असतं. सोम तामच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुके झिंगे कुटून घालतात. गाडीवाल्याला आधी सांगितलं तर समोर कुटून वेगळं देतो. झिंगे नकोत, नाम प्ला नको, एवढं थाईत लिहून मोबाईलमध्ये ठेवा.

पाहुरातमधल्या गुरुद्वाऱ्यात सकाळी लंगर असतो, ते सामयोतहून पायी अंतरावर आहे. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं.

चकलीबहाद्दर

आणि खानोम क्रोक! आपल्या आप्प्यांसारखे, तसल्याच खळग्यांच्या तव्यावर, फक्त तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. कांद्याची पात किंवा मका वरून. बाहेर कुरकुरीत, आत जवळजवळ पातळ. गरम गरम तोंडात टाकू नका, जीभ भाजते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंबा आणि चिकट भात.

चाफा

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मैत्रिणींबरोबर जायचं म्हणतेय आणि हॉस्टेलातच राहायचं म्हणतेय. तुमचा पहिला परिच्छेद वाचून मला माझाच चेहरा दिसला. राग मानू नका, पण अनोळखी मुलामुलींबरोबर एका खोलीत झोपायचं हे माझ्या पचनी पडत नाही. खरं काय ते सांगा.

पायपीट

चाफाताई, राग कसला. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं आणि तिला सगळं दाखवल्यावरच मी तिकीट काढलं.

फक्त मुलींची डॉर्म जवळपास सगळ्या चांगल्या हॉस्टेलात असते. तीच बुक करायला सांगा. प्रत्येक बंकला पडदा, दिवा, चार्जिंग आणि खाली लॉकर. कुलूप आपलं न्यायचं, तिथलं भाड्याचं घ्यायचं नाही. बुक करताना रिव्ह्यू वाचायचे ते एकट्या आलेल्या बायकांनी लिहिलेले, आणि नवे. रिसेप्शनला रात्रभर माणूस असतो का, हे आधी मेल करून विचारायचं. रात्री उशीर झाला तर ॲपवरून गाडी, आणि प्रवासाची लिंक घरी. टूरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलतात.

टोळीबद्दल: पहिली ओळख दिवसाउजेडी, गर्दीच्या ठिकाणी. पहिल्याच रात्री कुणाबरोबर प्यायला जायचं नाही. आपला ग्लास आपल्या हातात. एवढं पाळलं तर मला तरी तिथे रात्री दहाला चालताना भीती वाटली नाही. रस्त्यावर खाण्याच्या गाड्या असतात, बायका-पोरं जेवत असतात, जाग असते.

चाफा

मनापासून आभार. तिला धागा पाठवलाय.

एकलाचलो

लेख आवडला, पण टोळीबद्दल माझं मत वेगळं आहे. हॉस्टेलातल्या गटाबरोबर फिरलं की आपण शेवटी पर्यटकांशीच बोलत राहतो. चिली भेटतं, फिलिपिन्स भेटतं, थायलंड भेटत नाही. शिवाय पाचातले तिघे उशिरा उठतात. मी बँकॉकला एकटा फिरलो. पहाटे सहाला लुंफिनी पार्कात गेलो, म्हातारी चिनी मंडळी ताय ची करत होती, तळ्यातून माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी बाहेर येऊन गवतात पडलेल्या. त्यातल्या एका काकांनी मला हाताने खुणावून रांगेत घेतलं. तिथे पाच जणांचा घोळका असता तर त्यांनी मला बोलावलं असतं का?

पायपीट

नसतं बोलावलं. तुमचा मुद्दा मला पटतो, आणि सकाळ एकट्याची ठेवावी असंच मी म्हणेन. आमच्यातही सकाळी नऊपर्यंत जो तो आपापला असायचा.

पण जेवणाचं बघा. थाई जेवण मुळात वाटून खाण्याचं आहे. मध्ये चार-सहा पदार्थ, प्रत्येकाच्या ताटलीत भात, आणि एकेका चमच्याने घेत राहायचं. एकटा माणूस एक ताटली भात आणि त्यावर एक कालवण खाऊन उठतो. यावारातला फूटपाथवरच्या टेबलाशी आम्ही पाच जण बसलो आणि कालवांचं ऑम्लेट, मिरपुडीचं झणझणीत सूप, मोहरीच्या पाल्याची भाजी, वाफवलेला मासा असं सगळं मध्ये ठेवलं. गाडीवाल्या काकूंनी व्हिएतनामी मुलीला चिनी समजून चिनीत सुरुवात केली, मग मनिलाच्या मुलाची आजी चिनी निघाली, त्याला मोडकंतोडकं येत होतं, आणि काकू भांडी तशीच टाकून आमच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. पूर्वज कुठून आले, दुकान किती जुनं, सगळं त्यांनी सांगितलं. माझ्या एकटीशी त्या कुठल्या भाषेत बोलल्या असत्या?

एकलाचलो

हे मान्य. जेवायला येईन मी तुमच्यात.

सोमवारपेठ

टोळीचा आणखी एक उपयोग. राजवाड्याच्या भिंतीजवळ नीटनेटक्या कपड्यातला एक गृहस्थ भेटला. आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने तीन देवळं दाखवतो, म्हणाला. माझ्याबरोबरच्या जर्मन मुलीने सरळ पुढे जाऊन दार बघून येते म्हणून सांगितलं, आणि दार सताड उघडं. हे टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवतात. राजवाडा बंद आहे की नाही हे फक्त दारावरच्या माणसाला विचारायचं.

साथोन धक्क्यावरही तेच, निळ्या झेंड्याच्या महागड्या पर्यटक बोटीकडे वळवतात. नारंगी झेंड्याची बोट पकडा. मी गेलो तेव्हा कुठेही उतरा, १६ बाथ होते. था तियेनहून समोर वाट अरुणला जायची नाव तर पाच बाथ.

इतिहासाचा_नाद

जुन्या शहरात राहणार असाल तर देवळांच्या जोडीने हेही बघा, कारण तुमच्याच वयाच्या लोकांचा इतिहास आहे. नदीकाठी थम्मासात विद्यापीठ. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी आवारात जमलेल्या विद्यार्थ्यांवर पोलीस आणि जमावाने हल्ला करून कत्तल केली, आवारात त्याचं स्मारक आहे. त्याआधी १४ ऑक्टोबर १९७३ च्या विद्यार्थी उठावाने लष्करी हुकूमशहांना देश सोडायला लावला होता. त्याचं स्मारक राचादामनोएन रस्त्यावर, लोकशाही स्मारकापासून जवळ. २०२० साली पुन्हा याच रस्त्यांवर तरुण मुलंमुली उतरली होती. खाओ सानला जाणारे हजारो जण त्या स्मारकावरून रोज जातात आणि मान वळवून बघत नाहीत, याचं वाईट वाटतं.

सुखुमवितवासी

सहमत, बघा जरूर. फक्त एक काळजी घ्या. राजा आणि राजघराणं या विषयावर हॉस्टेलातही मोठ्याने मतं देऊ नका, आणि फेसबुकवर तर नाहीच. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे आणि ती खरोखर होते. तुमच्याबरोबरच्या थाई मित्राला त्यात ओढू नका, त्याला इथेच राहायचंय. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. ई-सिगारेट बाळगणं बेकायदा आहे, हॉस्टेलात कुणी दिली तरी घेऊ नका.

आता आनंदाचं. नवरात्रात येणार असाल तर सिलोमच्या मारिअम्मन देवळात या. थाई लोक त्याला वाट खेक म्हणतात. विजयादशमीच्या रात्री रस्ता बंद करून मिरवणूक निघते. झेंडूच्या माळा, नारळ, हळद, आणि बहुतांश भक्त थाई. हुआय क्वांगच्या चौकातल्या गणपतीपुढेही कॉलेजची मुलं परीक्षेआधी येतात. इथे तो कलांचा देव, इथल्या ललित कला खात्याच्या बोधचिन्हावरही गणपतीच आहे. मी पहिल्या वर्षी घरच्या गणपतीला मुकलो होतो, तेव्हा एका थाई सहकाऱ्याने मला हात धरून त्या चौकात नेलं. आम्ही दोघांनी मिळून आरती म्हटली, म्हणजे मी म्हटली आणि तो टाळ्या वाजवत उभा राहिला.

खानदेशी_पोऱ्या

खर्चाचं कुणीतरी बोला. पहिल्या पगारातून जायचंय.

पायपीट

पोऱ्या, विमान सोडून सांगते. डॉर्ममधला बंक ३०० ते ५०० बाथ, गाडीवरचं जेवण ५० ते ८० बाथ, बोट-मेट्रो धरून दिवसाचे १०० च्या आसपास. खिशाला चाट देवळांच्या तिकिटांची बसते, म्हणून सगळी एकाच दिवशी ठेवू नकोस. फुकटातलं उत्तम: नॅशनल स्टेडियम स्टेशनजवळचं बँकॉक आर्ट अँड कल्चर सेंटर. एसी आहे, गोलाकार जिन्यासारखी वरवर चढत जाणारी दालनं आहेत आणि दुपारच्या उन्हात ते देवाघरचं वाटतं. दुसरं म्हणजे, लुंफिनीतून बेंजाकिती जंगल-बागेपर्यंत वरून जाणारा हिरवा पूल आहे, चालत जा. तंबाखूच्या कारखान्याच्या जागेवर आता पाणथळ आणि झाडं आहेत.

लोहमार्ग

मी या वयोगटातला नाही, रेल्वेतून निवृत्त झालोय, तरी लिहितो. तरुणांनी एक दिवस आयुथयाला आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने जावं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ पासून नव्या क्रुंग थेप अफिवात टर्मिनसवरून सुटतात, पण काही साध्या गाड्या अजून १९१६ च्या हुआ लांफोंग स्टेशनातूनच निघतात. त्याची कमान आणि रंगीत काचा बघा. तिकीट वीस बाथच्या आसपास. पंखे, उघड्या खिडक्या, आणि प्रत्येक स्टेशनात टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया. आयुथया म्हणजे अयोध्येच्या नावावरून पडलेलं नाव. १३५० पासून राजधानी, १७६७ साली ब्रह्मी सैन्याने जाळली. ती जळली म्हणूनच पुढे राजधानी नदीच्या खालच्या अंगाला आली आणि बँकॉक उभं राहिलं. स्टेशनसमोरून नावेने पलीकडे जायचं, सायकली भाड्याने घ्यायच्या. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, फोटो काढताना खाली बसा, आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर जाऊ देऊ नका.

पायपीट

काका, किती सुंदर लिहिलंत. आमचा आयुथयाचा दिवस खरंच सगळ्यात चांगला गेला. सायकली होत्या म्हणून प्रत्येकाला हवं तसं पुढेमागे राहता आलं. व्हिएतनामी मुलगी एका पडक्या चैत्यासमोर बसून चित्र काढत राहिली, आम्ही तासाभराने फिरून तिथेच आलो.

चाफा

लेक आणि तिच्या मैत्रिणींचं नक्की झालंय, नोव्हेंबर अखेर. पाऊस संपलेला असेल ना? आणि विमानतळावर काय कागद लागतात?

सुखुमवितवासी

ताई, महिना छान निवडलाय. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस कोसळतो, नोव्हेंबर अखेरीला हवा कोरडी होते. व्हिसाचे नियम मध्येच बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, असं दोनदा थाई दूतावासाच्या साईटवर बघायला सांगा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरायचं, सरकारी साईटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा. हॉस्टेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेवलेलं बरं. मुली आल्या की इथे निरोप टाका, रविवारी चतुचाक बाजारात मी आणि बायको त्यांना भेटू.